साड्यांचा सेल चालतो, मग आमचं मूल का नाही?

संपादक महोदय,

कालच्या अंकातला घरशाळेवरचा, म्हणजे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवण्यावरचा लेख वाचला आणि लगेच लिहायला बसणार होते, पण म्हटलं राग जरा शांत होऊ दे. झाला नाही.

अशा मुलांना काही तासांपुरतं शाळेत घेण्याबद्दल त्यात एक मुख्याध्यापक म्हणतात की शाळा म्हणजे हॉटेल नाही, हवी तेवढीच डिश मागवायला. बरं. मग दिवाळीच्या आधी शाळांचे हॉल साड्यांच्या सेलला कसे मिळतात, आणि लग्नाच्या तारखांना मैदानात मांडव कसे पडतात?

आमची मुलगी घरी शिकते, तेरावं चालू आहे, पुढे एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून दहावी देईल, तिथे वयाची 14 पूर्ण लागतात. भाषा, गणित घरी छान चाललंय. अडतं ते लॅबमध्ये आणि चित्रकलेत, हळद-लिंबाचे प्रयोग किती दिवस करणार, मायक्रोस्कोप काही ओट्यावर नसतो. म्हणून गंगापूर रोडच्या एका शाळेत गेले, नाव लिहीत नाही, त्यांना कळेलच. मागणं काय तर शनिवारी दोन तास लॅबमध्ये बसू द्या, फी घ्या, आणि एलिमेंटरीच्या ड्रॉइंग परीक्षेला तुमच्या मुलांबरोबर तिचाही फॉर्म भरा.

ऑफिसातल्या साहेबांनी मान वर न करता विचारलं, "मॅडम, दाखला?" म्हटलं, दाखला कुठून असणार, ती शाळेतच नाही. "मग सरलला नाव कसं दिसणार?" (सरल म्हणजे शाळेतल्या मुलांची सरकारी ऑनलाइन नोंद.) म्हटलं, दोन तासांसाठी सरल कशाला? "उद्या अ‍ॅसिड उडालं तर जबाबदार कोण?" म्हटलं, मी लिहून देते. "लिहून दिलेलं चालत नाही." मग चालतं काय? "अ‍ॅडमिशन घ्या." आणि आम्ही निघालो तर चष्म्यावरून बघत, "मुलीला काही प्रॉब्लेम आहे का हो?" ती शेजारी उभी होती, ड्रॉइंगची वही घेऊन. सगळं ऐकत.

आणि तुमचा लेख म्हणतो घरी शिकणारी मुलं एकलकोंडी होतात, मिसळत नाहीत! मिसळायलाच तर आलो होतो ना गेटपर्यंत.

अमेरिकेतले असे वर्ग तुम्ही दोन ओळीत फॅड म्हणून उरकलेत. कोलोरॅडोत घरी शिकणारी मुलं आठवड्यातून एक दिवस सरकारी शाळेत चित्रकला, विज्ञान, खेळ अशा वर्गांना जातात, बाकीचं आईबाप घरी बघतात. मुद्दा असा की ठरलेले तास भरले तर तिथे शाळेला त्या मुलाचे अर्धवेळ विद्यार्थी म्हणून पैसे मिळतात. हे लेखात कुठेच नाही. आपल्याकडे शिक्षकांची पदं पटावर ठरतात आणि संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार याच्या सरकारी हिशोबात, अर्ध्या मुलाला रकानाच नाही, मग कुठली शाळा ही डोकेदुखी घेईल? तेवढं मला पण कळतं. पण जूनमध्ये पट भरावा म्हणून गुरुजी-मॅडम वस्त्यांमध्ये दारोदार फिरतात आणि आपण होऊन आलेल्या पोरीला गेटवरून परत पाठवतात, याला काय म्हणायचं? शाळेच्या वेळेबाहेर इमारती लोकांच्या उपयोगाला द्या असं 2020 च्या राष्ट्रीय धोरणातच आहे, बहुतेक ते साडीवाल्यांनीच वाचलं. आणि हे कुठे, तर 1989 पासून मुक्त विद्यापीठ चालवणाऱ्या नाशकात! मोठ्या माणसाने घरी अभ्यास करून बीए केलं की सत्कार, तेरा वर्षांच्या पोरीला मात्र प्रॉब्लेम.

अजून एक. लेखाबरोबरचा फोटो कुठून आणलात? सोनेरी केसांची मुलं, टेबलावर सफरचंद. नाशिकमध्ये घरशाळेची कुटुंबं आहेत, एक फोन केला असता तर फोटो पण मिळाला असता आणि चहा पण. आणि मुलांच्या पानावरचं कोडं बंद करून तिथे क्लासची जाहिरात येते हल्ली, ते कोडं परत कधी सुरू करताय तेवढं कळवा, घरात रोज विचारणा होते.

– एक पालक, इंदिरानगर, नाशिक