‘विचार न करता’ घर देऊन टाकलं?

संपादक साहेब,

नमस्कार. सिव्हिल लाइन्समधे कोर्टाजवळ माझं टायपिंग-झेरॉक्सचं छोटं दुकान आहे, वीसेक वर्षं झाली, दिवसभर खरेदीखत, इसारपत्र, बक्षीसपत्र, अ‍ॅफिडेव्हिट हेच बडवत असतो. वकील नाही, पण वकिलांची भाषा बोटांत बसलीय. तुमच्या पेपरात कोर्टाच्या बातम्या रोज असतात आणि माझ्याकडे येणारे लोक त्याच वाचून येतात, म्हणून एका शब्दाबद्दल लिहावंसं वाटलं. कन्सिडरेशन.

मागच्या महिन्यात काटोलकडच्या एक मावशी आल्या. हातात वकिलाची इंग्रजी नोटीस, तीन पानं. झालं असं की मावशींनी आपलं दोन खोल्यांचं घर पोरीला बक्षीसपत्रानं दिलं, ते पुतण्याच्या डोळ्यात खुपलं, त्यानं नोटीस धाडली. मावशींच्या नातवानं मोबाइलनं फोटो काढून त्याचं मराठी करून आजीला वाचून दाखवलं, आणि त्यात आलं की सदर दस्त ‘विचार न करता’ केलेला असल्यामुळे बेकायदेशीर आहे. झालं. मावशी दुकानात आल्या त्या पेटूनच.

“काय जी बाबू, मी काय येडी हाओ का? तुमचे काका गेल्यापासून तीन वर्स इचारच करून राहिली मी, रातभर डोळ्याला डोळा नाही, अन हा वकील म्हनते का इचार न करता देल्लं!”

मी मूळ कागद पाहिला. ‘विदाउट कन्सिडरेशन’ असं होतं. आता याचा अर्थ मावशींना सांगायचा तर सुरुवात कुठून करायची हा प्रश्न, कारण साधं इंग्रजी येणाऱ्या कोणालाही कन्सिडरेशन म्हटलं की विचारच आठवतो. आपण अर्जाच्या शेवटी ‘फॉर युअर काइंड कन्सिडरेशन’ लिहितो, ऑफिसातून उत्तर येतं ‘अंडर कन्सिडरेशन’, म्हणजे विचाराधीन, म्हणजे फाइल कपाटात गेली. पण करारात हाच शब्द आला की त्याचा अर्थ बदलतो, तिथं तो म्हणजे मोबदला, एकानं दिलेल्याच्या बदल्यात दुसऱ्यानं जे दिलं ते. १८७२ चा जो करार कायदा आहे त्यात कलम २ मधे याची व्याख्या आहे, आणि मजा म्हणजे मोबदला पैशातच पाहिजे असं नाही, काही करणं, काही न करणं किंवा तसं वचन देणं हेसुद्धा चालतं. त्याच कायद्यात कलम २५ ला एक उदाहरण दिलंय, हजार रुपयांचा घोडा एकानं दहा रुपयांत विकायचं कबूल केलं, राजीखुशीनं केलं असेल तर करार पक्का. म्हणजे कन्सिडरेशन थोडं असलं तरी भागतं, अजिबात नसेल तर, काही अपवाद सोडता, करार रद्द. घोडेवाल्यानं डोक्यानं किती विचार केला होता हे कन्सिडरेशनमधे मोजत नाहीत.

आणि हे मी दुसऱ्यांना हसत सांगत नाही, मीही तोंडावर पडलोय. धंद्यात नवा होतो तेव्हा एका वकील साहेबांनी इंग्रजी करारनामा देऊन म्हटलं मराठी कर, मी बिनधास्त टाइप केलं, ‘रुपये पाच लाख या रकमेचा विचार करून लिहून देणार यांनी…’ साहेबांनी लाल पेनानं ती ओळ खोडली, वर ‘मोबदल्यात’ लिहिलं आणि पूर्ण पान परत काढायला लावलं. त्या पानाचे पैसे पण दिले नाहीत, म्हणजे ते काम विदाउट कन्सिडरेशनच झालं.

बरं मोबदला म्हटलं की सुटलो असंही नाही ना. मावशींना मी म्हटलं, मावशी, याचा अर्थ ‘विनामोबदला’. त्या अजूनच घाबरल्या. “म्हंजे सरकार घेऊन राहिलं का घर?” आता यात त्यांची काय चूक, आपल्याकडे मोबदला शब्द ऐकू येतो तो मिहान प्रकल्पात गेलेल्या जमिनीचा, खापरीचा, शिवणगावचा, नाहीतर समृद्धी महामार्गाचा. गावात मोबदला म्हणजे जमीन गेली आणि त्याचे आलेले किंवा न आलेले पैसे. कायद्याच्या मराठी पुस्तकात ‘प्रतिफल’ लिहितात, ते तर कीर्तनात ऐकल्यासारखं वाटतं, केल्या कर्माचं प्रतिफल. आमच्या नागपुरातच डॉ. रघुवीरांनी बसून सरकारी कारभारासाठी शब्दांचे मोठाले कोश केले, त्याला आता पाऊणशे वर्षं होत आली, पण काउंटरवर उभ्या माणसाला समजेल असं सांगायचं काम शेवटी टायपिंगवाल्याकडेच येतं.

मग मी त्यांच्याच दस्ताची सूची क्रमांक दोन, म्हणजे रजिस्ट्री ऑफिसातून मिळणारा दस्ताचा गोषवारा, काढायला लावली. त्यावर ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ असे दोन वेगळे रकाने असतात. बाजारभावापुढे लाखाचा आकडा, मोबदल्यापुढे शून्य. बोट ठेवून दाखवलं, हे शून्य म्हणजे तुम्ही पोरीकडून एक पैसा घेतला नाही, त्या वकिलाला एवढंच म्हणायचंय. तेव्हा कुठं मावशी स्टुलावर बसल्या, पाणी प्याल्या.

आता त्या नोटिशीतला खरा घोळ. बक्षीसपत्र हे विनामोबदलाच असतं हो, मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम १२२, त्यात बक्षिसाची व्याख्याच अशी आहे की स्वखुशीनं आणि कन्सिडरेशन न घेता दिलेलं, आणि घेणाऱ्यानं देणारा जिवंत असतानाच ते स्वीकारलेलं. घरादाराचं असेल तर रजिस्ट्री आणि निदान दोन साक्षीदार. मावशींचं सगळं झालेलं. मग मोबदला नाही म्हणून बक्षीसपत्र रद्द म्हणणं म्हणजे सावजीत जाऊन रस्सा तिखट आहे अशी तक्रार करण्यासारखं. पण इंग्रजी कागदावर ‘विदाउट कन्सिडरेशन, व्हॉइड’ असं ठळक अक्षरात आलं की माणूस हलतोच, आणि मला तर वाटतं हलावा म्हणूनच ते तसं लिहितात.

एक शंका मावशींच्या पोरीनं काढली, ती मात्र चांगली होती. आई माझ्याकडेच राहणार, मीच सांभाळणार, मग हे सांभाळणं कन्सिडरेशन झालं का? खरं सांगू, इथं वकील लोकही अर्धा तास बोलतात. पण ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा जो कायदा आहे त्याचं कलम २३ माहीत असावं. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि नंतर सांभाळलं नाही तर ते देणं रद्द करून घेता येतं. सुप्रीम कोर्टानं २ जानेवारी २०२५ ला उर्मिला दीक्षित यांच्या केसमधे आईनं मुलाला दिलेलं बक्षीसपत्र याच कलमाखाली रद्द केलं. म्हणून माझ्याकडे म्हातारी माणसं आली की मी सांगतो, वकिलाला म्हणा अट स्पष्ट लिहा, ‘प्रेम व आपुलकीपोटी’ एवढ्यावर थांबू नका. काही पोरांना माझा राग येतो. येऊ द्या.

अशा दुतोंडी शब्दांची यादी केली तर तुमचं पान पुरणार नाही. एक्झिक्यूट घ्या, दस्तावर सही केली की एक्झिक्यूट, डिक्रीची, म्हणजे कोर्टाच्या हुकमाची, वसुली लावली की एक्झिक्यूशन, ज्याला आपल्या कोर्टात दरखास्त म्हणतात, आणि बाहेर टीव्हीवर एक्झिक्यूट केलं म्हणजे फाशी दिली. डिस्चार्ज दवाखान्यातून पण मिळतो आणि फौजदारी केसमधून पण. आणि मराठीनंही फार मिरवू नये, बक्षीसपत्र ऐकून त्या नातवानं मला विचारलं होतं, आजीचा कितवा नंबर आला.

साहेब, मागणी छोटी आहे. १९९८ पासून महाराष्ट्रातल्या खालच्या कोर्टांची भाषा मराठी ठरलेली आहे, हायकोर्टाचं इंग्रजी आहे ते एक वेळ समजतो, पण वकिलाची नोटीस तर घरी येते, चुलीपाशी वाचली जाते, ती मराठी माणसाला मराठीत पाठवायला काय हरकत आहे? निदान सोबत एक मराठी पान जोडा. आणि तुमच्या बातमीदारांनाही सांगा, इंग्रजी निकालातला कन्सिडरेशन दिसला की आधी आजूबाजूला रुपये आहेत का पाहा, रुपये असतील तर तो बहुतेक मोबदला असतो. हा टायपिंगवाल्याचा नियम, कायद्याच्या कॉलेजात चालणार नाही.

मावशींनी वकील केला, नोटिशीचं उत्तर माझ्याकडेच टाइप झालं. मावशी मागं उभ्या राहून प्रत्येक ओळ वाचून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, ते तीन वर्स इचार केल्याचं टाकलं का? वकील म्हणाले मावशी, त्याची गरज नाही, मुद्दा तो नाहीच. मावशी हलल्याच नाहीत. दहा मिनिटं तसंच चाललं, मागं झेरॉक्सवाल्यांची लाइन लागली. मग वकिलांनी वैतागून सांगितलं, टाक बाबा, आणि मी टाइप केलं: ‘माझ्या पक्षकारांनी सदर बक्षीसपत्र स्वखुशीने, तीन वर्षांच्या पूर्ण विचारांती व विनामोबदला लिहून दिलेले आहे.’ मावशींनी त्या ओळीची वेगळी झेरॉक्स मागितली. दोन रुपये झाले, ते मी घेतले नाहीत.

आपला,
एक टायपिंगवाला
सिव्हिल लाइन्स, नागपूर