पत्ता कोणाचा टाकणार?

प्रिय सोनू,

सलाम.

तुम्ही मित्रमैत्रिणी काढताय त्या अंकाची झेरॉक्स प्रत मिळाली. कुरिअरवाला दुपारी आला, मी जरा आडवा झालो होतो, मम्मीने उठवलं. पाकीट मात्र मला फोडू दिलं नाही. तिने कात्रीने कडेकडेने कापलं आणि संध्याकाळपर्यंत अंक तिच्याकडेच होता. आजोबांची भजनं तिने पुन्हापुन्हा वाचली. सारखा चष्मा पुसत होती, मी काही बोललो नाही.

अंकात छापायच्या पत्त्यावरून रविवारी फोनवर आपलं जे झालं ते इथे उगाळत नाही. त्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय. अंकाबद्दल लिहितो.

मुखपृष्ठ फार चांगलं झालंय. नळावर हंडा लावून उभी असलेली मरीया, नऊवारी, पदर खोचलेला, मागे बायकांची रांग. लिनोच्या पत्र्यावर छापाचं चित्र कोरणाऱ्या मुलाचा हात बसलेला आहे, त्याला माझा सलाम सांग. डोक्याभोवती वलय नाही हे आधी खटकलं, रात्री पुन्हा पाहिलं तेव्हा नाही खटकलं. वसईच्या मैत्रिणीने तिच्या आजीच्या लुगड्यावर आणि दागिन्यांवर लिहिलंय ते कुठल्याही मोठ्या दिवाळी अंकात शोभेल. आणि आंजेलो द फोन्सेकांवरचा लेख मी दोनदा वाचला. शांतिनिकेतनात शिकून आलेला माणूस, मरीयेला साडी नेसवली म्हणून गोव्यातल्या चर्चला रुचला नाही. मग पुण्याला ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून चित्रं काढत राहिला. १९६७ला गेले. आता त्यांची चित्रं पर्वरीच्या झेवियर संशोधन केंद्रात जपून ठेवली आहेत, हे वाचून बरं वाटलं. पण खरं सांगू? वाचताना माझ्या मनात एवढंच येत होतं की त्यांना निघून जायला पुणं तरी होतं. तू आधीच पुण्यात आहेस.

आणि त्यांना विरोध घरच्यांचा, म्हणजे आपल्याच चर्चवाल्यांचा होता. आपल्या पाळकसाहेबांना नळावरची मरीया नाही आवडली तर ते उपदेशात दोन वाक्यं बोलतील, कमिटीत मला टोमणा बसेल. ते मी घेईन. मला त्यांची भीती नाही. शेवटच्या पानावर तळाला तुझ्या खोलीचा पत्ता आहे, मजल्यासकट, फ्लॅट नंबरासकट. तो अंक कुणाच्याही हातात जाऊ शकतो. बघ, आलोच मी तिथे. थांबतो.

आता कामाचं. तुमची पानं अठरा झाली आहेत. मधे टाचण मारायची असेल तर अठरा होत नाहीत. एक कागद दुमडला की चार पानं, म्हणून सोळा करा नाहीतर वीस. वीसच करा, कवितांना श्वास मिळेल. आतल्या बाजूचा समास वाढवा, घडीत अक्षरं जातायत. पान सातवर ‘ख्रिस्त’ सगळीकडे फुटलाय, ख वेगळा, पाय मोडका, र वेगळा. तुमच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीची जोडाक्षरं नीट बसायला काहीतरी वेगळं निवडावं लागतं म्हणे. दादाला विचारलं, तो म्हणाला सोनूला माहीत असेल. माहीत असेल तर कर. प्रभूचं नाव असं मोडून छापू नये.

आमच्या वेळी जोडाक्षराचा शिशाचा खिळाच असायचा. नाताळच्या कामाला ‘ख्र’चे खिळे कमी पडायचे, जुळवलेल्या पानांचा एक फर्मा छापून झाला की सोडवून पुढच्या मजकुराला घ्यायचे. तू तेव्हा दुसरीत-तिसरीत असशील. शाळा सुटली की प्रेसमध्ये यायचीस, कॅरलच्या कार्यक्रमपत्रिकांना घड्या घालायला. कागदाची धार लागून बोट कापलं तरी उठायची नाहीस. उलटी अक्षरं वाचायला तू माझ्या शेजारी उभं राहून शिकलीस, आणि मग घरी येऊन आजोबांचं वर्तमानपत्र उलटं धरून त्यांना वाचून दाखवायचीस. आजोबा चर्चच्या सगळ्या मंडळीत सांगत फिरायचे.

पुस्तक हातात आलं की शेवटचं पान आधी बघायचं, कुणी छापलं, कुठे छापलं, हेही मीच तुला शिकवलं. १८६७च्या कायद्यापासून ती रीत होती, मुद्रकाचं नाव-ठिकाण, प्रकाशकाचं नाव-ठिकाण. नाव नसलेला कागद म्हणजे निनावी पत्र, असं मी म्हणायचो. त्यामुळे रविवारी तू जे बोललीस ते माझंच होतं आणि मला त्याच्याशीच भांडावं लागलं. आता तो कायदा जाऊन २०२३चा आलाय, २०२४च्या मार्चपासून लागू आहे. ठरावीक काळाने काढायचं म्हटलं तर नोंदणीचं काय ते एकदा वकिलाला विचारून घ्या. अंदाजाने चालू नका.

तू म्हणालीस, घाबरून कुणी काही काढलं असतं का. नसतं काढलं. आपल्या अहमदनगरला १८४२ साली ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक निघालं तेव्हा कुणी हार घेऊन उभं नव्हतं. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ला बाप्तिस्मा घेतला तेव्हा घर दुभंगलं, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई वर्षानुवर्षं वेगळ्या राहिल्या, आणि त्याच माणसाने पुढे ‘ज्ञानोदय’ सांभाळला, अभंग लिहिले, जे आजही आपण गातो. हे सगळं मला पाठ आहे. पण वसईच्या फादर दिब्रिटोंचंही मला आठवतं. ‘सुवार्ता’ मासिक इतकी वर्षं चालवलं, वसईच्या हिरवाईसाठी लोकांबरोबर रस्त्यावर उतरले, मराठीवर असा जीव. २०२०ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तर त्यांनाही विरोध झालाच, धर्मगुरू म्हणून. एवढ्या मोठ्या माणसाला. त्यांच्या मागे निदान धर्मप्रांत होता, वाचक होते. तुमच्या मागे कोण आहे? एक ढोलकीवाला, एक चित्र कोरणारा आणि तुम्ही दोघी मुली. मामांच्या गावी गेल्या नाताळात काय झालं ते तुला ठाऊक आहे. तिथे तर आपली माणसं फक्त गाणी म्हणत होती. अडवणाऱ्यांनी मोबाइल समोर धरून नावं विचारली, घर कुठे विचारलं. तू घर कुठे ते छापूनच देतेयस.

व्याख्यान झालं. माफ कर. मम्मी मागून वाचतेय आणि म्हणतेय, पोरीने अंक दाखवायला पाठवला, तुम्ही भीती परत पाठवताय.

मग हे लिहितो, जे मी फोनवर बोलू शकलो नाही. पान दोनवर आभारात माझं नाव आहे, पुढे ‘जुळारी’ लिहिलंयस, म्हणजे खिळे जुळवणारा. सोनू, मी उभा जन्म दुसऱ्यांची नावं जुळवली. लग्नपत्रिका, मंडळीचे अहवाल, भजनांची पुस्तकं, मृत्यूच्या चिठ्ठ्या. खाली मुद्रक म्हणून नाव मालकाचं, ते तसंच असतं, त्यात तक्रार नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुलींनी खिळे जुळवून पंडिता रमाबाईंनी मराठीत केलेलं बायबल छापलं. बाई १९२२ला गेल्या, पुस्तक पुरं होऊन निघालं १९२४ला. त्या मुलींची नावं किती जणांना सांगता येतील? मी त्यांच्याच जातकुळीचा कामगार. माझं नाव छापील कागदावर मी पहिल्यांदा पाहिलं ते तुझ्या अंकात. बोट फिरवून पाहिलं, झेरॉक्सला उठाव नसतो तरी.

म्हणून नाव काढ असं मी म्हणणार नाही. तुझं नाव, आडनावासकट, मोठं टाक. संपादक म्हणून तू, चित्रकार म्हणून तो, सगळ्यांची टाका. पत्ता तेवढा इथला दे. नगरच्या घराचा. इथे गल्लीत आपल्याला तीन पिढ्या ओळखतात, शेजारच्या काकू दारात कुणी नवखा आला की आधी त्याच विचारतात. कुणाला पत्र लिहायचं असेल तर इथे येईल, रागाचं असेल तर मी वाचीन, चांगलं असेल तर फोडून फोनवर तुला ऐकवीन. मम्मीची हरकत नाही. दादाचीही नाही. तू याला पळवाट म्हणशील. म्हण. पण अंक घराचा आहे, आजोबांची भजनं आहेत त्यात, आजीच्या नाताळच्या करंज्या आहेत (सारणात खसखस राहिलीय लिहायची, मम्मी सांगते). मग पत्ता घराचा का नको?

नोकरी सोडू नका, कुणीच. दुसरा अंक पहिल्यापेक्षा अवघड जातो, पहिल्याला हौस असते. हिशेबाची वही एकाकडेच ठेवा आणि ती तुझ्याकडे नको, तुला कुणाकडे पैसे मागता येत नाहीत. किंमत छापा. फुकट वाटलेला कागद लोक वाचत नाहीत, हे प्रेसमध्ये बसून मी पाहिलंय. आणि आजोबांच्या दुसऱ्या भजनात तिसऱ्या कडव्यात ‘कृपासिंधू’ हवं, तुम्ही ‘कृपासिंदू’ केलंय. वहीत त्यांचा ध तसाच यायचा, गाठ न मारता. बाकी दुरुस्त्या अंकावरच लाल पेनाने केल्यात, तो परत पाठवतोय. छापायला देण्याआधी एक प्रूफ मला बघू दे, एका दिवसात परत करतो.

२०० प्रतींपैकी २५ माझ्या. पैसे देणार आहे, नाही म्हणू नकोस.

तुझा,
पप्पा

ता. क. घरमालकांना विचारलं होतंस का, त्यांच्या जागेचा पत्ता छापायला? नसेल विचारलं तर आता विचारूही नकोस. इथलाच टाक.