कॅडेटला हुकूम पाळणं शिकवलंत, आता जबाबदारी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्हा पानावर एनसीसीच्या मुलामुलींचा फोटो होता. कडक इस्त्रीचा गणवेश, ताठ मान, एका रेषेत उचललेले हात. खाली लिहिलं होतं, ‘उद्याचे लष्करी अधिकारी’. ऊर भरून आला. फोटो कापून ठेवला आहे. पण त्या तीन शब्दांनी दोन दिवस झोपू दिलं नाही, म्हणून हे पत्र.

मी पायदळात 28 वर्षं काढली आणि सुभेदार म्हणून निवृत्त झालो. सुभेदार, नायब सुभेदार ही अधिकारी आणि जवान यांच्या मधली माणसं. अकादमीतून नवा लेफ्टनंट पलटणीत आला की त्याला सगळ्यांत जवळून आम्हीच पाहतो. वय बावीस-तेवीस, मिसरूड नुकतं जाड झालेलं, आणि हाताखाली तीस-पस्तीस माणसं. त्यांतल्या काहींची नोकरीच पंधरा वर्षांची. ही माणसं साहेबाला सलाम पहिल्या दिवसापासून करतात, कारण तो खांद्यावरच्या ताऱ्यांना असतो. त्या पोराला आपला साहेब मानायला मात्र त्यांना वेळ लागतो.

त्या काळात त्याची ड्रिल कोणी बघत नाही. ती चांगली असणारच, चेन्नईच्या अकादमीत 49 आठवडे घासून आलेला असतो तो. जवान बघतात ते निराळंच. लंगरात भाजी कमी पडली तर साहेब कधी जेवला? गस्तीवरून परत आल्यावर त्याने आधी बूट सोडले की आधी माणसं मोजली? जवानाच्या घरून आलेला फोन त्याच्या कानावर गेला, तेव्हा त्याने पुढे काय केलं?

एक प्रसंग सांगतो. आमची पलटण तेव्हा काश्मीरमध्ये होती. नवीन आलेल्या लेफ्टनंटसाहेबांकडे एक जवान बहिणीच्या लग्नासाठी सुट्टी मागायला गेला. साहेब मनाने चांगले, लगेच ‘हो’ म्हणाले. सुट्टीचा तक्ता त्यांनी पाहिलाच नाही. पाळी दुसऱ्याची होती. त्याचा बाप दवाखान्यात होता आणि तो महिनाभर गप्प राहून पाळीची वाट बघत होता. संध्याकाळपर्यंत बराकीत कुजबुज सुरू झाली. मी साहेबांना तंबूत जाऊन सगळं सांगितलं. ते दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग विचारलं, “साहब, आप होते तो क्या करते?” (अधिकारीही आम्हाला ‘साहब’च म्हणतात, ही आपल्या फौजेची रीत आहे.) मी माझं मत दिलं. त्यांनी ते ऐकलं, पण निर्णय स्वतःचा घेतला. रात्रीच्या रोल कॉलला सगळ्यांसमोर उभे राहून म्हणाले, “गलती मेरी है.” ज्याची पाळी होती त्याला दुसऱ्या सकाळच्या गाडीने पाठवलं. लग्नवाल्यासाठी स्वतः कंपनी कमांडरसाहेबांकडे जाऊन रदबदली केली आणि आठवड्याने त्यालाही सोडवलं. त्या रात्रीपासून पोरं त्यांच्यामागे कुठेही जायला तयार होती.

अकादमी हे कोरून कोरून शिकवते, यात शंका नाही. डेहराडूनची अकादमी 1932 साली सुरू झाली, तेव्हा सरसेनापती चेटवुड यांनी सांगितलेला क्रम आजही तिथल्या प्रत्येक कॅडेटला पाठ असतो: आधी देश, मग हाताखालची माणसं, स्वतःची सोय नेहमी शेवटी. पण चूक झाली की सर्वांसमोर उभं राहून ती आपली म्हणणं ही सवय आहे, आणि सवय एकोणपन्नास आठवड्यांत मुरत नाही. ती कॉलेजच्या तीन वर्षांतच लागायला हवी.

आपल्याकडे त्या तीन वर्षांत काय होतं? सावधान, विश्राम, दाहिने मुड. 15 ऑगस्ट, 17 सप्टेंबर, 26 जानेवारीची परेड. दहा दिवसांचं शिबिर. ज्याची ड्रिल उत्तम तो सीनिअर अंडर ऑफिसर होतो, हुकूम तोच देतो, आणि बाकीची पोरं तीन वर्षं सांगेल तिकडे वळतात. म्हणजे वर्षाकाठी एकाला हुकूम देण्याची सवय लागते आणि उरलेल्यांना वाट बघण्याची. यात एनसीसी सांभाळणाऱ्या प्राध्यापकांना दोष देणं बरोबर नाही. तास, परीक्षा, प्रवेशाची कामं उरकून ते मैदानावर येतात, आणि त्यांच्यातले कितीतरी जण पदरमोड करून पोरांना शिबिराला नेतात. पण एकट्या माणसाकडून किती होणार?

मी एका महाविद्यालयात स्वतःहून गेलो होतो. म्हटलं, दर रविवारी सकाळी दोन तास देतो, पैसे नकोत. त्यांनी मान दिला, चहा दिला आणि प्रजासत्ताक दिनाला बोलावलं. शाल, श्रीफळ आणि बोलायला दहा मिनिटं मिळाली. रविवारचं पुढे कोणी काढलंच नाही. शाल घरी आहे, तिचं मला काय करायचं?

आता खरी सल सांगतो. सकाळी आमच्या गावच्या रस्त्यावर धावायला येणाऱ्या पोरींत एक मुलगी आहे. ती शेजारच्या बीड जिल्ह्यातली, कॉलेजसाठी इथे मामाकडे आली. एनसीसीचं ‘सी’ प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळवलं, एसएसबीच्या, म्हणजे लष्करी अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या, मुलाखतीला गेली. पहिल्या दिवसाच्या चाळणीत निम्म्याहून जास्त जण परत जातात, ही टिकली. पाचही दिवस राहिली, पण शेवटी नाव आलं नाही. मी विचारलं, मुलाखतीत जबाबदारीचं विचारलं तेव्हा काय सांगितलंस? म्हणाली, शिबिरात माझ्या तुकडीला बक्षीस मिळालं ते सांगितलं.

या मुलीचे आईवडील दसरा झाला की ऊसतोडीला जायचे आणि उन्हाळ्यापर्यंत कारखान्यावर असायचे. पंधराव्या वर्षापासून आजी, दोन लहान भावंडं आणि दोन शेळ्या हिच्या जिवावर. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा हिशेब हिच्या वहीत. आजीला रात्री धाप लागली तेव्हा जीप ठरवायची, पैसे कोणाकडून घ्यायचे, भावंडांना कोणाच्या घरी झोपवायचं, हे सगळं हिने एकटीने ठरवलं. मी म्हटलं, पोरी, हे का नाही सांगितलंस? तर म्हणते, “ते काय सांगायचं काका, ते तर घरचंच काम आहे.”

संपादक साहेब, एसएसबी पाच दिवस शोधत असते ते हेच असतं. गोष्टी लिहायला लावतात, गटात चर्चा घडवतात, फळ्या-दोऱ्यांनी अडथळा पार करायला सांगतात. या सगळ्यातून अडचणीत हा माणूस काय करतो, इतरांना सोबत घेतो का, एवढंच बघायचं असतं. मराठवाड्यातल्या पोरापोरींनी ते टँकरच्या रांगेत केलेलं आहे, दुष्काळात जनावरं सांभाळताना केलेलं आहे. पण हे नेतृत्व आहे असं त्यांना आजवर कोणी म्हटलेलंच नाही. कोणी विचारलं तर बोलायची सवय नाही, त्यात इंग्रजीची भीती.

दुसरं म्हणजे वाटच माहीत नसते. पहाटे चारला कोणत्याही तालुक्याच्या रस्त्यावर जा, भरतीसाठी धावणारी पोरं दिसतील. मी त्याच रांगेतून गेलो, त्या रांगेचा मला अभिमान आहे. पण तिच्यात पदवी झालेली कितीतरी असतात, आणि पदवीधराला अधिकारी होण्याचा दरवाजा उघडा आहे हे त्यांतल्या निम्म्यांना ठाऊक नसतं. यूपीएससीची सीडीएस परीक्षा वर्षातून दोनदा होते. एनसीसीचं ‘सी’ प्रमाणपत्र किमान ‘बी’ श्रेणीत आणि पदवीला 50 टक्के असतील, तर विशेष प्रवेशातून लेखी परीक्षेशिवाय एसएसबीला जाता येतं. मुलींनासुद्धा. पोरांना लष्करी अधिकारी होण्यासाठी तयार करणारी संभाजीनगरची सेवापूर्व शिक्षण संस्था 1977 पासून चांगलं काम करते आहे, नाशिकला 2023 पासून मुलींसाठीही तशी संस्था झाली. पण दोन्ही दहावीनंतरच्या. बी.ए., बी.एस्सी.ला बसलेल्याला तिथे जागा नाही.

त्याच्यासाठी नाशिक रोडला छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. एसएसबीची तयारी, राहणं, जेवण, सगळं मोफत. त्याची सूचना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून आपल्याच दैनिकात येते, तीही निधन वार्तेच्या शेजारी दोन बोटं जागेत. माझी हात जोडून विनंती आहे, पुढच्या वेळी ती पहिल्या पानावर घ्या, शेवटची तारीख ठळक छापा.

आणि प्राचार्यांना विनंती आहे की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या प्रत्येक कॅडेटकडे एक काम पहिल्यापासून शेवटपर्यंत सोपवा. शिबिराचा लंगर, रक्तदान, झाडं लावणं आणि उन्हाळ्यात ती जगवणं, काहीही चालेल. मध्ये पडू नका. बिघडलं तर बिघडू द्या, मग त्यालाच सर्वांसमोर उभं करून काय चुकलं ते सांगायला लावा. आमच्या भागात गावोगाव निवृत्त हवालदार, सुभेदार बसून आहेत. त्यांना बोलवा, ते येतील.

ती मुलगी पुन्हा अर्ज भरते आहे. धावून झालं की मी तिला आणि तिच्यासोबतच्या चौघींना वडाखाली उभं करतो. काल घरी कोणता निर्णय तू घेतलास, हे प्रत्येकीने इतरांना सांगायचं, आधी मराठीत, मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत. पहिले चार दिवस कोणीच बोललं नाही. पाचव्या दिवशी एक जण रडली. आता मलाच मध्येच थांबवावं लागतं, कारण कॉलेजची एसटी निघून जाते.

आपला,
एक निवृत्त सुभेदार
ता. अहमदपूर, जि. लातूर