पान बारा आधी बदल

भोसरी, पुणे
रविवार, रात्री

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या कॉम्प्रेसरच्या मॅन्युअलचा मसुदा दोनदा वाचला. तुझं इंग्रजी शाळेपासूनच चांगलं. स्पेलिंगला, काळाला कुठे बोट लावायला जागा नाही. तरी पान बारावर थबकलो, म्हणून हे पत्र.

तिथे तू लिहिलंयस, 'डू नॉट ओपन द कव्हर अंटिल द प्रेशर डज नॉट बिकम झिरो.' वाक्य इंग्रजी आहे, पण सांगाडा मराठी. 'दाब शून्य होत नाही तोवर झाकण उघडू नका', इथे आपल्याला ते 'नाही' लागतंच. इंग्रजीत 'अंटिल'पुढे ते येत नाही. 'अंटिल द प्रेशर इज झिरो', एवढंच. परदेशातल्या एखाद्या फिटरनं तुझं वाक्य शब्दशः घेतलं, तर दाब शून्य नसेल तेव्हा उघडा, असा अर्थ निघतो. टाकीत हवा भरलेली असताना!

मीही यातून गेलोय. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी पॅनेलच्या सूचनांत मी लिहिलं होतं, 'बिफोर क्लीनिंग, क्लोज द मेन स्विच.' मनात होतं 'मेन स्विच बंद करा'. पण विजेच्या कामात स्विच 'क्लोज' झाला म्हणजे संपर्क जुळला, प्रवाह सुरू. आमच्या एका वयस्कर वायरमननं छपाईआधी ते वाचलं आणि काही न बोलता कागदावर सर्किट काढून माझ्यापुढे ठेवलं. तो कागद अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. तेव्हापासून मी 'टर्न ऑफ'च लिहितो.

तसंच आपलं 'पाहिजे'. 'गार्ड, म्हणजे संरक्षक आवरण, बसवलं पाहिजे' याचं तू चार ठिकाणी 'गार्ड शुड बी फिटेड' केलंस. आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकांत 'शॅल' म्हणजे सक्ती आणि 'शुड' म्हणजे शिफारस. वाचणाऱ्याला वाटेल, बसवलं तर बरं. कामगाराला सरळ सांग, 'इन्स्टॉल द गार्ड.' तुला हे उद्धट वाटतं, ठाऊक आहे मला. म्हणूनच ओळीओळीला 'काइंडली' आलंय. आपल्या 'करावे'तली अदब इथे शोधू नकोस. इंग्रजी सूचनेत नुसतं क्रियापद कुणाला टोचत नाही.

विमानांच्या देखभालीसाठी सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश नावाची पद्धत आहे, तिची पहिली मार्गदर्शिका १९८६ची. कामाच्या सूचनेचं वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचं, आणि शक्यतो एका वाक्यात एकच काम. 'फॉलो'चा अर्थही तिथे फक्त 'नंतर येणे'. नियम पाळायचा तर 'ओबे'. इंग्रजी ज्याची मातृभाषा नाही अशा मेकॅनिकचा हात चुकू नये, म्हणून हा सगळा खटाटोप. तुझं एक वाक्य मी मोजलं, ४३ शब्द निघाले. त्याची तीन कर.

बाकीच्या खुणा पेन्सिलनं केल्यात, मसुदा उद्या कुरियरनं निघेल. पण त्याची वाट पाहू नकोस. पान बारा छापखान्यात जायच्या आत बदल, आणि बदललं की मला फोन कर.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
बंड्या