तिकिटावर एक नाव, पगाराच्या चिठ्ठीवर दुसरं

शिकागो, ऑक्टोबर

प्रिय दिल्या,

तुझं पत्र मिळालं. शेवटचा प्रश्न तू टोमणा म्हणून टाकलायस हे कळतं: "विमानावर मोठ्या कंपनीचं नाव, तिकिटावर तेच नाव, मग तू त्यांचा पायलट का नाहीस?" लेका, हे तू विचारावंस? तुमच्या डेपोतून 'बेस्ट' लिहिलेल्या लाल गाड्या रोज बाहेर पडतात आणि त्यांतल्या कितीतरींचा ड्रायव्हर ठेकेदाराचा असतो. आमचंही वेट लीजच, म्हणजे ड्रायव्हरसकट गाडी ठेक्यावर, असं समज.

इथला हिशेब असा. मोठी कंपनी तिकिटं विकते, वेळापत्रक ठरवते, इंधनाचे पैसे भरते. आम्ही रीजनलवाले, म्हणजे तिच्यासाठी छोटी विमानं चालवणाऱ्या वेगळ्या कंपन्या, पायलट आणि केबिन क्रू पुरवतो आणि प्रत्येक उड्डाणामागे ठरलेला दर घेतो. विमान अर्धं रिकामं गेलं तरी दर तोच. करार संपला की पुन्हा बोली. विमानं सगळ्यांची जवळपास सारखीच, त्यामुळे बोलीत घासाघीस होते ती माणसांच्या पगारात. आमचा पगार दरवर्षी चढतो. म्हणजे पायलट जुने झाले की कंपनी महाग होते आणि काम नव्या पोरांच्या कंपनीकडे सरकतं. तिकडे जावं म्हटलं तर वीस वर्षं नोकरी झालेला कॅप्टनही यादीत तळाला. कुठलं विमान, कुठला बेस, दिवाळीत घरी की पीओरियाच्या हॉटेलात, सगळं सिनिऑरिटी नंबरावर असल्यामुळे तळाला म्हणजे काय ते तुला सांगायला नको.

कॉमेअरचं उदाहरण घे. सिनसिनाटीची रीजनल कंपनी, बड्या डेल्टाच्या मालकीची. 2001 मध्ये तिथल्या पायलटांनी 89 दिवस संप केला आणि चांगला करार पदरात पाडून घेतला. रीजनलवाल्यांनी असं काही करून दाखवलं याचं तेव्हा फार कौतुक झालं. पुढे डेल्टा दिवाळखोरीत गेली, करार कापला गेला, विमानं कमी होत गेली आणि सप्टेंबर 2012 मध्ये कॉमेअरला टाळं लागलं. पन्नास सीटची जुनी विमानं परवडत नाहीत, हे कारण खोटं नव्हतं. पण डेल्टाची छोटी विमानं आकाशातून गेली नाहीत, ती दुसऱ्या कंपन्यांची पोरं उडवत राहिली.

आता युनियनचं ऐक. एअर लाइन पायलट्स असोसिएशन, म्हणजे अल्पा, 1931 पासूनची. तिच्या करारांत 'स्कोप' नावाचं कलम असतं: रीजनलला किती विमानं द्यायची, किती सीटची, किती वजनाची. आज बड्या कंपन्यांत ही हद्द साधारण 76 सीट आणि 86,000 पौंड अशी आहे. कागदावरच्या या दोन आकड्यांची ताकद बघ. ब्राझीलच्या एम्ब्रेअरने नव्या इंजिनांचं ई175-ई2 विमान काढलं, ते या हद्दीपेक्षा जड भरलं आणि अमेरिकेत त्याला गिऱ्हाईक मिळेना. मित्सुबिशीचं स्पेसजेट 2023 मध्ये गुंडाळलं गेलं. त्याची इतरही दुखणी होती, पण वजन हे त्यातलं एक. आणि युनायटेडने तर 2019 पासून सत्तर सीटच्या विमानात मुद्दाम पन्नासच सीट बसवल्या. मोठ्या रीजनल विमानांचा कोटा भरला होता, पन्नासवाल्यांचा नव्हता. उरलेल्या जागेत सामानाची कपाटं आणि खाऊचा कट्टा! प्रवासी खूश, का ते त्यांना ठाऊक नाही.

मग हे कुंपण असताना आम्ही आलो कुठून? तर कुंपण आतूनच उघडलं गेलं. नव्वदीत पन्नास सीटची जेट आली तेव्हा मोठ्या विमानांच्या कॅप्टनांना ती खेळणी वाटली. 2001 नंतर दिवाळखोऱ्यांची रांग लागली, टेबलावर पगार आणि पेन्शन पणाला लागलं, आणि त्या बदल्यात हद्द पन्नासावरून सत्तर, सत्तरावरून 76 अशी सरकली. ज्यांची कामं गेली ती पोरं तेव्हा अजून नोकरीलाच लागली नव्हती, त्यांना मत कुठलं? मला यातली सगळ्यात झोंबणारी गोष्ट ही की कॉमेअरवालेही अल्पाचेच सभासद होते. 2000 च्या सुमारास त्यांनी मागणी केली की डेल्टाची आणि कॉमेअरची सिनिऑरिटी यादी एक करा. युनियनने नकार दिला. काही जण स्वतःच्याच युनियनविरुद्ध कोर्टात गेले. वर्गणी दोघांकडून आणि बाजू एकाची, असं आजही इथे क्रू रूममध्ये बोललं जातं.

याची किंमत पगारातच मोजायची असं नाही. 12 फेब्रुवारी 2009 ला कोलगन एअर या रीजनल कंपनीचं 3407 नंबरचं विमान बफेलोजवळ एका घरावर कोसळलं, पन्नास माणसं गेली. तिकिटावर नाव बड्या कॉन्टिनेंटलचं. चौकशीत मुख्य ठपका कॅप्टनवर आला: विमान स्टॉलकडे, म्हणजे वेग घटून पंखांची उचल सुटण्याकडे, चालल्याचा इशारा मिळाल्यावर त्याने नाक खाली करायच्या ऐवजी वर खेचलं. ते खरंच आहे. पण त्याची सहवैमानिक ड्युटीवर यायला सिएटलहून रात्रभर मालवाहू विमानांच्या जागा मागत न्यूअर्कला पोचली होती, आणि दोघांपैकी कोणालाही धड झोप मिळालेली नव्हती. मीही नवा असताना क्रॅश पॅडमध्ये राहिलोय. विमानतळाजवळचा फ्लॅट, एका खोलीत तीन दुमजली पलंग, गाद्या वाटून घ्यायच्या. पहाटे तीनला कुणाचा तरी गजर वाजायचा आणि सगळे जागे. मृतांच्या नातेवाइकांनी पाठपुरावा केला म्हणून 2010 चा कायदा झाला आणि सहवैमानिकालाही 1,500 तासांची अट आली.

या अटीमुळे आणि कोविडमधल्या निवृत्त्यांमुळे पायलट मिळेनासे झाले. 2022 च्या जूनमध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या रीजनल कंपन्यांनी नव्या सहवैमानिकाला तासाला 90 डॉलर जाहीर केले. संप नाही, मोर्चा नाही. आनंद झाला, पण तो टंचाईचा भाव आहे. टंचाई संपली की काय, हे कॉमेअरवाल्यांना विचार.

मला मोठ्या कंपनीचं बोलावणं आलंय. जाणार. यादीत तळाला बसणार आणि स्कोपवर मतदान झालं तर हद्द जराही ढिली करू नका म्हणूनच मत देणार. तू म्हणशील, वर चढला आणि शिडी ओढली. म्हण. फक्त मी तिथे यादी एक करण्याचंही बोलत राहणार, आणि त्यावर मला कुणी चहा पाजणार नाही हेही माहीत आहे.

आता तुझं. 2023 च्या ऑगस्टमध्ये वेट लीजवाल्यांनी काम बंद केलं तेव्हा तुमच्यातले पुष्कळ जण "ते आपले नव्हेत" म्हणाले, असं तूच लिहिलंस. 2019 च्या करारात बेस्टने स्वतःच्या गाड्यांचा आकडा राखायचा असं ठरलं होतं ना? तोच तुमचा स्कोप. त्याचं काय झालं ते तू रोज डेपोत बघतोस. तुमची सभा दिवाळीनंतर आहे म्हणतोस, तर वेट लीजवाल्यांतल्या एका-दोघांना बोलायला बोलाव. कायम ड्रायव्हर भडकतील, तुलाही चार शब्द ऐकवतील. पण त्यांचा खरा पगार आणि ड्युटीचे तास तुमच्या लोकांना एकदा त्यांच्याच तोंडून ऐकू देत. काय झालं ते लगेच कळव, व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी नकोत, नीट लिही.

काकूंना नमस्कार. वहिनींना सांग, चकली पाठवायची असेल तर कस्टमचं मी बघतो.

तुझा,
सुध्या