काका, तुमची दोरी अजून माझ्याकडेच आहे

काका,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही कोल्हापूरला सुखरूप पोचल्याचं तुमच्या मुलाकडून कळलं. निघताना माझा उजवा हात गळ्यात बांधलेला होता, त्यामुळे धड वाकताही आलं नाही. तो राहिलेला नमस्कार आज चारचौघांत करतोय. ओहायोतल्या एका गॅरेजमध्ये कोल्हापुरातल्या उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीतला निवृत्त टर्नर, म्हणजे लेथवर धातू कातणारा कारागीर, सहा आठवडे काय करत होता, हे लोकांना कळू दे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: इथे बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र असतं, रायडिंग मोवर. त्याच्या शर्यती होतात. 1973 साली इंग्लंडमध्ये, ससेक्समधल्या एका खेड्याच्या पबमध्ये ही टूम निघाली. मोटारींच्या शर्यती खिशाला परवडत नव्हत्या, मोवर मात्र दारोदार होते. बक्षिसाची रक्कम नाही, प्रायोजक नाही, असा तिथला दंडक. अमेरिकेत 1992 पासून रीतसर संघटना आहे. पाती काढल्याशिवाय कुणाला उतरू देत नाहीत. हे ऐकून तुम्ही म्हणालात, "मग ह्याला गवताचं यंत्र कशाला म्हणायचं?" आणि बक्षीस नाही म्हटल्यावर, "त्यापेक्षा आमची बैलगाडी बरी."

तुम्ही भेटायच्या आधीची माझी अवस्था आठवतेय? मी कीबोर्डवाला माणूस, पान्याचे नंबरही वाचून बघणारा. एका दुरुस्तीच्या दुकानाने आगाऊ पैसे घेऊन शर्यतीसाठीचं माझं यंत्र सात आठवडे ठेवून घेतलं आणि कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा पाचर म्हणून ठोकून पुली बसवून दिली. इथल्या मराठी मंडळींत चांगले चार मेकॅनिकल इंजिनियर आहेत. एकाने विम्याची आठवण करून दिली, एकाने गुणोत्तरांचा तक्ता पाठवला, बाकीच्यांनी हसणारे चेहरे. गॅरेजपर्यंत यायला कुणाला सवड झाली नाही.

आणि तुम्ही? सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले, माकडटोपी घालून संध्याकाळची फेरी मारणारे. ग्राइंडरचा आवाज ऐकून दारात थांबलात. हात पाठीमागे. मी मराठी आहे हे तुम्हाला माहीतही नव्हतं, तरी सरळ म्हणालात, "पुली डुगायलीय." चार महिन्यांत माझ्या यंत्राबद्दल कुणी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य.

पुढचं सगळं सांगत बसत नाही. मेकरस्पेसमधल्या, म्हणजे इथल्या सामाईक वर्कशॉपमधल्या, लेथसमोर तुम्ही उभे राहिलात आणि तिथला गोरा पोरगा नियम सांगता सांगता गप्प झाला, एवढं मात्र सांगायलाच हवं. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं आणि त्याला मराठी, पण पुलीच्या भोकाचा बोअर किती ठेवायचा यावर तुमचं एकमत झालं. इंजिनाची पुली चार इंची आणि मागची सात इंची होती. तुम्ही पुढे सात आणि मागे चार केलीत. इंजिन तेवढ्याच फेऱ्यांत आणि वेग तिपटीवर. ताशी 8 किलोमीटरचं यंत्र 25 च्या घरात गेलं. ऐकायला काहीच वाटत नाही, पण बूड जमिनीपासून दोन फुटांवर असलं की 25 म्हणजे काय ते कळतं.

गव्हर्नर, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या मर्यादेत ठेवणारा भाग, काढून टाकायचा सल्ला मला दहा जणांनी दिला होता. तुम्ही हात लावू दिला नाहीत. असल्या इंजिनाचा कनेक्टिंग रॉड, पिस्टनला जोडलेला दांडा, अ‍ॅल्युमिनियमचा असतो. इंजिन मिनिटाला 3600 फेऱ्यांच्या फार वर नेलं तर तो मोडून इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर येतो. तुम्ही एवढंच म्हणालात, "शेताच्या इंजिनात बघितलंय. सीट कुठाय तुझी? त्याच्या वरच." मी तुम्हाला होंडाने 2019 मध्ये ताशी 150 मैलांपर्यंत नेलेल्या मोवरचा व्हिडिओ दाखवला, मोटरसायकलचं इंजिन बसवलेला. तुम्ही शांतपणे बघितलात आणि विचारलंत, "ह्याचा ब्रेक दाखव." मग आपण चार शनिवार फक्त ब्रेक आणि स्टेअरिंगचा ढिलेपणा यांवर घालवले. मी तेव्हा मनातून चिडलो होतो. आज कबूल करतो.

पण हे सगळं एकीकडे, आणि जत्रेतल्या शर्यतीचा तो दिवस एकीकडे.

चालक पडला तर इंजिन आपोआप बंद व्हावं म्हणून एक दोरी असते, एक टोक स्विचला, दुसरं मनगटाला. ती मी घरीच विसरलो होतो. नंबर यायला दहा मिनिटं. मी बुटाची नाडी सोडायला लागलो. तुम्ही "नाडी निसटतीया" म्हणत चष्मा काढलात आणि त्याची काळी दोरी माझ्या मनगटाला बांधलीत. दोनदा ओढून बघितलीत. तुमच्या चष्म्याची डावी काडी ढिली आहे, दोरीशिवाय तो नाकावर राहत नाही, हे मला माहीत होतं. तरी मी काही बोललो नाही. तुम्हीही नाही.

तिसऱ्या फेरीत वळणावर पुढचं चाक खड्ड्यात गेलं आणि मी उडालो. हाडाला चीर गेली ती तिथेच. यंत्र उलटलं नाही. रिकामं, माझ्या दिशेला तोंड करून उभं राहिलं, बंद. दोरीने काम केलं होतं. तुम्ही धावत आलात, एका हातात चष्मा. लागलं का, असं विचारलं नाहीत. विचारलंत, "इंजिन बंद झालं न्हवं?" मग तिथेच गवतात बसलात आणि म्हणालात, "मला काय दिसलं नाही रं. आवाज थांबला, तेवढंच कळलं."

काका, तेवढ्या वाक्यावर मी अजून अडकलोय. पैशांचा विषय काढला तेव्हा तुम्ही चहा मागितलात, तोही पावडरचा नको म्हणून. आपल्या मंडळींना, मला धरूनच म्हणतो, मदत करायच्या आधी आपली पदवी आठवते, वेळेचा भाव आठवतो. तुम्ही नुसते दारात थांबलात. असे दारात थांबणारे लोक मला लहानपणी पुष्कळ माहीत होते. ते मागे राहून गेले असं वाटायचं, आणि तुम्ही सहा महिन्यांच्या व्हिसावर इथे आलात.

नवी दोरी पाठवतोय, दोन आहेत, एक जादा. जुनी मात्र देणार नाही. तिची गाठ मी अजून सोडलेली नाही. नर्सने कापायला कात्री काढली तेव्हा हॉस्पिटलमध्ये मी चक्क भांडलो.

काकूंना नमस्कार. चष्म्याची काडी एकदा घट्ट करून घ्या.

तुमचा हेल्पर

ता. क. गव्हर्नरला हात लावलेला नाही.