बीरशेबाच्या निवृत्त पोलीसकाकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हीच नको म्हणालात. पण आभार उघडपणे मानायचे आहेत. इथे इस्रायलमध्ये वृद्धांची सेवा करायला आलेल्या आणखी मुली हे वाचतील.

एजंटने माझा पासपोर्ट ‘जपून ठेवतो’ म्हणून घेतला आणि मागितला की पुढच्या आठवड्याचा वायदा. दुसऱ्याचा पासपोर्ट अडकवून ठेवणं इस्रायलमध्ये फौजदारी गुन्हा आहे, हे मला तुमच्याकडून कळलं. तुम्ही ठाण्यात सोबत आलात. हिब्रूत लिहिलेली तक्रार ओळ न् ओळ मराठीत समजावलीत, मगच सही करू दिलीत. पासपोर्ट लगेच परत आला.

त्या दिवशी बाकावर बसल्या बसल्या तुम्ही स्वतःचं सांगितलंत, ते डोक्यातून जात नाही. १९६३ साली, दहाव्या वर्षी, अलिबागजवळच्या गावातून तुम्ही निघालात. वडिलांना वाटलं होतं जेरुसलेम, मिळालं दिमोना. नेगेवच्या वाळवंटातलं ते गाव वसून तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती. त्यात रब्बींचा, म्हणजे ज्यू धर्मगुरूंचा, १९६२चा आदेश: बेने इस्रायल, म्हणजे तुमच्या कोकणातल्या मराठी ज्यू समाजातल्या, माणसाचं समाजाबाहेरच्या ज्यूशी लग्न ठरलं तर आधी त्याच्या मागच्या पिढ्या तपासा. शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवतात म्हणून कोकणात ज्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत, त्यांनाच विचारायचं, तुम्ही खरे ज्यू का! १९६४च्या उन्हाळ्यात आपली माणसं जेरुसलेमला धरणं धरून बसली, संसदेत चर्चा झाली, आणि ऑगस्टअखेर रब्बींना माघार घ्यावी लागली.

त्या धरण्यात वडील बंदोबस्तावरच्या पोलिसाला काही विचारत होते आणि त्याला एक अक्षर कळत नव्हतं, हे तुम्ही पाहिलंत. लष्करातली सक्तीची वर्षं संपवून तुम्ही पोलिसांत गेलात. आई म्हणाली, “बँकेत लाग.” तुम्ही म्हणालात, “ठाण्यात आपलं बोलणं कळणारा एक तरी असू दे.” पुढे नोकरीत काय केलंत विचारलं तर हसलात: शेजाऱ्यांची भांडणं, चोरलेल्या सायकली, चुकलेली पोरं. १९९०नंतर रशियातून लोंढे आले, तेव्हा तक्रार लिहिण्यापुरती रशियनही शिकलात म्हणे. बढतीचं मात्र एका वाक्यात उरकलंत. मला तिथे थोडा राग दिसला, आणि तो रास्तच वाटला.

जानेवारीत मी घरी जाते आहे. काकूंची आमसुलं आणि पोहे लक्षात आहेत. आणखी काही हवं असेल तर आधी कळवा, बॅगेत तेवीस किलोच नेता येतं.

आपली,
मुरूडची मुलगी